रूम पार्टनर ते पार्टनर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी जुळलेली दोन मुलांची मैत्री कधी कधी मैत्रीच्या पुढे जाते. त्यांच्या वाटेतला कायद्याचा धोंडा २०१८ साली दूर झाला. पण घरच्या उंबरठ्याचं काय?

बारावीचा निकाल लागला, की घराघरात ॲडमिशनची धावपळ सुरू होते. पुणे, मुंबई, नागपूर… जिथे सीट मिळेल तिथे मुलगा जातो. मग हॉस्टेल किंवा कॉट बेसिसवरची जागा शोधायची, मेस लावायची. गादी, बादली, मच्छरदाणी आणि लाडू-चिवड्याचा डबा घेऊन आई-वडील मुलाला सोडायला येतात. निघण्यापूर्वी आई रूम पार्टनरची हळूच चौकशी करते. 'कुठला रे तू? घरी कोण कोण असतं?' पोरगा चांगल्या घरचा वाटला, की तिचा जीव भांड्यात पडतो. 'एकमेकांना सांभाळून राहा रे!' असं दोघांनाही बजावून ती परतीच्या एसटीत बसते.

परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात काळज्यांची यादी असते. पोरगं नीट जेवेल का? रॅगिंग होईल का? सिगारेट-दारूचा नाद तर लागणार नाही? एखाद्या मुलीच्या मागे लागून अभ्यासाचं वाटोळं तर करून घेणार नाही? या यादीत रूम पार्टनर नसतो. तो तर तिला आधारच वाटतो.

तसं वाटण्यात चूकही काही नाही. आपल्याकडे दोन मुलांच्या मैत्रीला मोकळं रान आहे. एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ते रस्त्यानं फिरतात, एका ताटात जेवतात, एकाच गाडीवर तिघं बसतात, थंडीत एकच रजई ओढून झोपतात. कुणी भुवई उंचावत नाही. एखादा मुलगा आणि मुलगी मात्र कट्ट्यावर अर्धा तास बोलताना दिसली, की बातमी त्यांच्याआधी गावात पोचते!

मोकळ्या रानात फुललेली ही दोस्ती बहुतेक वेळा दोस्तीच राहते. पुढे दोघांची लग्नं होतात, मुंजी-बारशांना येणं-जाणं होतं. पण काही मुलांच्या बाबतीत तिचं प्रेम होतं. हे कसं घडतं आणि घडल्यावर त्यांच्या वाट्याला काय येतं, याची चर्चा आपल्या घरात होत नाही.

दिवाळीच्या सुट्टीतला शोध

उदाहरणादाखल दोन मुलं डोळ्यांपुढे आणा. कल्पनेतलीच, पण कुठल्याही हॉस्टेलात शोभतील अशी. एक कराडकडचा, दुसरा अकोल्याचा. दोघंही अठरा वर्षं पूर्ण झालेले, पदवीच्या पहिल्या वर्षाला. कराडकर बोलका, अकोलेकर घुमा. पहिले पंधरा दिवस एकमेकांच्या बोलीची टिंगल करण्यात जातात. याचं 'काय लगा', तर त्याचं 'काय करून राहिला बे'. मग मेसच्या पातळ वरणाला दोघं मिळून नावं ठेवतात. सबमिशनच्या आदल्या रात्री एक जर्नल लिहितो, दुसरा आकृत्या काढतो. पहाटे टपरीवर जाऊन चहा मारतात.

सप्टेंबरात अकोलेकराला डेंग्यू होतो. कराडकर त्याला दवाखान्यात नेतो, रिपोर्टमधल्या प्लेटलेट्सच्या आकड्यांवर नजर ठेवतो, रात्री उठून कपाळाला हात लावून बघतो. घाबरलेल्या आईला फोनवर सांगतो, 'काकू, मी आहे ना इथं.' आई त्या न बघितलेल्या लेकराला तोंडभरून आशीर्वाद देते.

मग दिवाळीची सुट्टी लागते. ज्या घराच्या आठवणीनं पहिला महिना रडून काढला, त्या घरी अकोलेकर पोचतो. ताटात चकली-करंज्या, भोवती चुलतभावंडं, आणि याचा हात सारखा मोबाइलकडे. तिकडून साधा 'जेवलास का?' एवढाच निरोप आला, तरी याचा चेहरा उजळतो. वहिनी थट्टेनं विचारते, 'काय भावजी, कोण आहे ती?' तो हसून वेळ मारून नेतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला स्वतःशी कबूल करावंच लागतं, की 'ती' कुणी नाही, 'तो' आहे.

कुठल्याही प्रेमकथेत हा क्षण आनंदाचा असतो. इथे तो भीतीचा होतो. मुलानं मुलीला विचारलं आणि तिनं नकार दिला, तर चार दिवस देवदास होऊन मित्रांच्या गळ्यात पडून रडता येतं. या मुलानं विचारलं आणि नकार मिळाला, तर ज्याच्या गळ्यात पडून रडायचं तो मित्रच जातो. शिवाय खोली जाते, वर्गात नाव होतं, आणि बातमी घरी पोचली तर घरही जाईल, अशी धास्ती असते. एका वाक्यावर एवढं सगळं पणाला लागलेलं असतं!

म्हणून तो गप्प बसतो. सुट्टीनंतर परतल्यावर कराडकराला टाळू लागतो. रात्री उशिरापर्यंत रीडिंग रूममध्ये बसायचं, मेसमध्ये वेगळ्या वेळी जायचं, दुसरी खोली मिळते का याची रेक्टरकडे चौकशी करायची. कराडकराला काहीच उमगत नाही. महिनाभर तो हे सोसतो आणि एक दिवस दार लावून घेऊन विचारतो, 'माझं काय चुकलं, ते तरी सांग.'

आणि मग ते वाक्य बाहेर पडतं.

कराडकर दोन दिवस नीट बोलत नाही. त्या दोन दिवसांत अकोलेकराची सॅक भरून तयार असते. तिसऱ्या दिवशी पहाटे कराडकर त्याला उठवून टपरीवर नेतो, दोन कटिंग सांगतो आणि म्हणतो, 'मलाही तसंच वाटत होतं. त्याला काय म्हणायचं, ते कळत नव्हतं.'

खांद्यावरचा हात निघतो

गोष्ट इथे संपली असती, तर ती सिनेमाची गोष्ट झाली असती. खऱ्या आयुष्यात पुढचा भाग अवघड असतो.

वरवर पाहता काहीच बदललेलं नसतं. तीच खोली, तीच मेस, तीच एटीकेटीची भीती. उलट, नव्यानं प्रेमात पडलेल्यांना एकमेकांच्या आवडीनिवडी शोधाव्या लागतात. यांना त्या आधीच पाठ आहेत. एकाला कांदा चालत नाही, दुसरा झोपेत बडबडतो, परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याच्याशी बोलायचं नाही, हे सगळं माहीत आहे. आजारपण, भांडण, पैशांची चणचण यांतून ती मैत्री आधीच तावून सुलाखून निघालेली आहे. संसाराला जो पाया लागतो म्हणून वडीलधारे सांगत असतात, तो यांच्याकडे तयार असतो.

बदल होतो तो भलताच. जोवर ते नुसते मित्र होते, तोवर गळ्यात हात टाकून बिनधास्त फिरत होते. आता मनात लपवण्यासारखं काही आहे म्हटल्यावर दोघं रस्त्यानं हातभर अंतर ठेवून चालतात. ग्रुप फोटोत दोन टोकांना उभे राहतात. मित्रांनी मुलींचा विषय काढला, की खोटंखोटं एखादं नाव सांगून मोकळे होतात. मैत्रीला जे उघडपणे मिळत होतं, ते प्रेमाला चोरून घ्यावं लागतं!

हा चोरटेपणा मुलांना आतून पोखरतो. दुःख झालं तर सांगायला कुणी नाही, भांडण झालं तर मिटवायला कुणी नाही. मुलगा-मुलीचं प्रेमप्रकरण घरी पसंत नसलं, तरी एखादी मावशी, एखादा मामा मध्यस्थीला उभा राहतो. इथे तो मामाही नसतो.

नकाराचाही मान

प्रत्येक गोष्टीत तिसऱ्या दिवशी टपरीवरचा चहा नसतो, हेही स्पष्ट सांगायला हवं. बऱ्याचदा मित्र नुसता मित्रच असतो. त्याला मुलीच आवडतात आणि तो 'नाही' म्हणतो. तो नकार निमूटपणे स्वीकारायचा, हा नियम इथेही तोच. मनातलं शब्दांत विचारावं. अंगचटीला जाऊन, झोपेचा किंवा नशेचा फायदा घेऊन अंदाज घेऊ नये. प्रेमात पडलेल्या मुलीशी जे वागणं गैर, ते मित्राशीही गैरच.

नकार देणाऱ्याचीही एक जबाबदारी आहे. मित्रानं मोठ्या विश्वासानं सांगितलेली गोष्ट वर्गाच्या ग्रुपवर टाकणं हा विश्वासघात आहे, आणि आता तो नियमांच्या कचाट्यातही सापडू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ साली रॅगिंगविरोधी नियम केले. त्यांत २०१६ साली दुरुस्ती झाली. जात, धर्म, रंग, रूप यांच्याबरोबरच लैंगिक कलावरून एखाद्या विद्यार्थ्याला छळणं, धमकावणं, वाळीत टाकणं हेही तेव्हापासून रॅगिंग ठरतं. त्याची तक्रार कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे करता येते. किती पालकांना आणि किती प्राचार्यांना हे ठाऊक असतं?

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा. आपल्याकडे अकरावी-बारावीलाही 'कॉलेज'च म्हणतात. पण त्या वयाची मुलं कायद्यानं बालकं आहेत. २०१२ सालच्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाशी किंवा मुलीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, आणि 'दोघांची मर्जी होती' ही सबब तिथे चालत नाही. मन कुणावर जडावं याला वय नसतं, पुढचं पाऊल टाकायला मात्र आहे.

दुसरा धोका मोबाइलमधला. घरी-दारी बोलायची सोय नसली, की मुलं डेटिंग ॲपवरच्या अनोळखी माणसांशी बोलू लागतात. तिथे चांगली माणसं भेटतात, तसेच भामटेही भेटतात. एकट्याला बोलावून घ्यायचं, फोटो काढायचे आणि 'घरी सांगू' म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार अनेक शहरांत पोलिसांपर्यंत गेले आहेत. धमकावून पैसे मागणं ही खंडणी आहे आणि तिची तक्रार कुणीही करू शकतो. पण ज्याला घरी कळण्याचीच भीती, तो पोलीस चौकीची पायरी कशी चढणार? भामट्यांचा सगळा धंदा या एका भीतीवर चालतो. घरी आधीच माहीत असलेल्या मुलाला अशी धमकी देऊन काय उपयोग?

गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण…

आजच्या मुलांना कदाचित खरं वाटणार नाही, पण काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या दोघांचं प्रेम त्यांना तुरुंगात नेऊ शकलं असतं. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंड संहितेतलं ३७७ वं कलम 'अनैसर्गिक' संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगत होतं. दिल्ली उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती, मूळचे सोलापूरचे अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी २ जुलै २००९ रोजी सज्ञानांच्या राजीखुशीच्या संबंधांना या कलमातून वगळलं. सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला. चार-साडेचार वर्षांपूर्वी सुटकेचा श्वास घेतलेली माणसं एका दिवसात पुन्हा गुन्हेगार ठरली.

मग पुन्हा लढाई सुरू झाली, आणि या वेळी तीत विद्यार्थीही उतरले. मे २०१८ मध्ये देशभरातल्या आयआयटींच्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांनी स्वतःच्या नावानिशी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ज्या कलमाखाली पकडलं जाण्याची भीती, त्याच कलमाविरुद्ध आपलं नाव आणि आपला कल जाहीर करून उभं राहायचं, याला धाडस लागतं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं निकाल दिला. सज्ञान व्यक्तींचे राजीखुशीचे खासगी संबंध गुन्हा नाहीत, हे देशाचं कायदेशीर उत्तर झालं. समाजातल्या या माणसांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना भोगाव्या लागलेल्या अपमानाबद्दल इतिहासानं त्यांची क्षमा मागायला हवी, अशा अर्थाचे उद्गार न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी काढले. त्यांनी कुटुंबीयांचीही आठवण ठेवली, हे विशेष.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ३७७ कलम नाहीच. त्यातून एक उणीवही निर्माण झाली. सज्ञान पुरुषावर लैंगिक जबरदस्ती झाली, तर पूर्वी याच कलमाचा आधार घेता येत असे. आता त्यासाठी वेगळं कलम उरलेलं नाही.

लग्नाचं काय? १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की समलिंगी विवाहाला मान्यता देणं हे संसदेचं काम आहे. म्हणजे त्या दोघांनी पुढे जन्मभर एकत्र राहायचं ठरवलं तर त्यांना कुणी अडवू शकत नाही, पण नवरा-बायकोला मिळणारे वारसाचे वा दत्तकाचे हक्क त्यांना नाहीत. बँकेत संयुक्त खातं काढता येतं आणि जोडीदाराचं नाव वारसदार म्हणून नोंदवता येतं, एवढा खुलासा केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये केला. पाऊल छोटं आहे. पण पासबुकावर दोन नावं शेजारीशेजारी बघण्याचा आनंद ज्याचा त्यालाच कळतो.

आजारच नाही, तर औषध कसलं?

मुलाचं असं काही कानावर आलं, की बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, 'याच्यावर इलाज काय?' कुणी मानसोपचारतज्ज्ञाचा पत्ता देतो, कुणी बाबा-बुवाचा, तर कुणी 'लग्न करून टाका, सगळं सुरळीत होईल' असा सल्ला देतो.

वैद्यकशास्त्राचं उत्तर स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली तेच केलं. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ साली हा आजार नसल्याचं जाहीर केलं. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयासमोर दोन तरुणींचं प्रकरण आलं. घरच्यांच्या विरोधामुळे त्या संरक्षण मागत होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी आपल्याला हा विषय नीट समजत नसल्याचं मोकळेपणानं मान्य केलं, स्वतः मानसशास्त्रज्ञाबरोबर बसून तो समजून घेतला आणि मगच निकाल दिला. असा कल 'बदलण्याच्या' उपचारांना त्यांनी मनाई केली. त्यानंतर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे जो डॉक्टर 'मुलाला बदलून देतो' म्हणेल, त्याच्याकडे मुलाला मुळीच नेऊ नये.

मुलाला डॉक्टरची गरजच नसते असं नव्हे. लपवालपवीच्या ताणानं झोप उडते, अभ्यास ढासळतो, जगणं नकोसं वाटू लागतं. तेव्हा समुपदेशकाची मदत जरूर घ्यावी. सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही बोलते. पण इलाज त्या ताणावर करायचा, प्रेमावर नव्हे.

आणि लग्नाचा तो रामबाण? त्यानं मुलगा बदलत नाही. एका परक्या घरच्या मुलीचं आयुष्य मात्र पणाला लागतं. नवरा दुष्ट नाही, व्यसनी नाही, तरी आपल्याजवळ का येत नाही, हे तिला वर्षानुवर्षं कळत नाही. ती दोष स्वतःत शोधत राहते. सासू पाळणा कधी हलणार म्हणून तिलाच विचारते. आपल्या मुलीच्या बाबतीत कुणी असं केलं असतं, तर आपण काय म्हटलं असतं, हे मुलाच्या बोहल्याची तयारी करण्यापूर्वी प्रत्येक आईबापानं स्वतःला विचारावं.

मराठी मनाचा प्रवास

मराठी माणसाला हा विषय अगदीच नवा आहे, असं नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं. कॉलेजात शिकणारी मित्रा एका मुलीवर प्रेम करते आणि तिचा जिवाभावाचा मित्र बापू ते सगळं बघत, सोसत राहतो. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेल्या मित्राला तेव्हाच्या जगात जागाच नव्हती. तिचा शेवट आत्महत्येत होतो.

त्यानंतर चेतन दातार यांनी 'एक माधवबाग' लिहिलं. मुलाची डायरी हाती पडल्यावर हादरलेल्या आईचं ते मनोगत आहे. मोना आंबेगावकर यांनी त्याचे प्रयोग केले. मुलाचं 'गुपित' हे आईचंही दुःख असतं आणि आईलाही ते समजून घ्यायला वेळ लागतो, हे त्यातून लोकांपुढे आलं. २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली. तीत घरी राहायला आलेल्या एका पाहुण्यावर भाऊ आणि बहीण दोघंही जीव टाकतात. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तकं लिहिली, संपादित केली. त्यांतल्या 'मनाचिये गुंती'त तर घरच्या माणसांचीच मनोगतं आहेत.

आणि २०२५ साली 'साबर बोंडं' आला. रोहन कानावडे यांचा हा मराठी चित्रपट. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेल्या आनंदला त्याचा बालमित्र बाळ्या पुन्हा भेटतो, आणि जुन्या दोस्तीतून हळूहळू प्रेम उमलतं. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. आनंदच्या आईला त्याच्याबद्दल ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूची आहे, हे त्यातलं खरं वेगळेपण. शेतात राबणारा, गावात राहणारा मराठी माणूसही असं प्रेम करतो, तेव्हा 'ही शहरातली थेरं' असं म्हणण्याची सोय उरत नाही.

चव्वेचाळीस वर्षांत मराठी कथा मित्राच्या मरणापासून आनंद-बाळ्याच्या जगण्यापर्यंत आली. घरंही तेवढी पुढे आली आहेत का?

आधी धक्का, मग समज

काही घरं आली आहेत. रंगकर्मी आणि चित्रपट दिग्दर्शिका चित्रा पालेकर यांनी आपली मुलगी समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं. एवढंच नव्हे, तर ३७७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात ज्या पालकांनी बाजू मांडली, त्यांत त्या होत्या. मुलांच्या बाजूनं आईबाप कोर्टात उभे राहिले, ही मोठीच गोष्ट होती. 'स्वीकार' हा अशा पालकांचा गट. एप्रिल २०२३ मध्ये या गटातल्या चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांसाठी विवाहाचा हक्क मागितला. डोळे मिटण्यापूर्वी मुलाचा संसार मांडलेला बघावा, ही इच्छा तर प्रत्येक आईबापाची असते.

या पालकांनाही पहिल्या दिवशी धक्काच बसला होता. तो बसणारच. वर्षानुवर्षं मनात रंगवलेली सून, नातवंडं, लग्नाचा मांडव, सगळं एका क्षणात पुसलं जातं. रडू येतं, राग येतो, 'माझंच काही चुकलं का?' असं वाटत राहतं. त्यात आई-वडिलांचं काहीही चुकलेलं नसतं. मुलाचंही नसतं, आणि त्या रूम पार्टनरचंही नसतं. 'त्यानंच आमच्या पोराला बिघडवलं' असं म्हणून त्याच्या घरी फोन करणं, हा सर्वांत मोठा अन्याय. कुणी कुणाला असं घडवत नाही की बिघडवत नाही.

मग करावं काय? मुलगा सांगत असेल, तर मध्येच न तोडता ऐकून घ्यावं. लगेच पसंती देता आली नाही, तर 'मला थोडा वेळ दे' म्हणावं. मुलानं हे स्वतःशी कबूल करायला काही महिने, काही वर्षं घेतलेली असतात. आई-वडिलांना ते एका संध्याकाळी जमावं, अशी त्याचीही अपेक्षा नसते. मात्र दोन गोष्टी करू नयेत. शिक्षणाचे पैसे बंद करण्याची धमकी देऊ नये आणि 'या घराचे दरवाजे तुला बंद' हे वाक्य उच्चारू नये. आई-वडील ते वाक्य चार दिवसांत विसरतात. मुलगा विसरत नाही.

आणि मुलानं काहीच सांगितलं नसेल, तर? तर खोदून विचारू नये. त्याचा मोबाइल तपासू नये, डायरी उघडू नये. घरात टीव्हीवर असा विषय निघाला, की आपण काय बोलतो, याकडे मात्र लक्ष द्यावं. मुलं ते कान देऊन ऐकत असतात. बाबा 'छक्के साले' म्हणाले, की मुलगा मनाचं दार आतून लावून घेतो. बाबा 'असतील, त्यांचं त्यांना' एवढं जरी म्हणाले, तरी ते दार किलकिलं राहतं.

कायद्यानं त्याचं काम केलं, डॉक्टरांनी त्यांचं केलं. आता राहिलंय ते घराचं काम, आणि ते फार अवघड नाही. डेंग्यूच्या तापात आपल्या लेकराच्या उशाशी जागलेल्या मुलाला त्या आईनं तोंडभरून आशीर्वाद दिला होता. तो मुलगा आजही तोच आहे. रविवारी संध्याकाळी हॉस्टेलवर फोन लावताना 'जेवलास का?' हे तर ती विचारणारच आहे. त्याच्यापुढे एवढंच विचारायचं, 'आणि तो कसा आहे रे?'